तुंबलेलं सिंक: आधी अडथळा शोधा, मग पावडर विसरा

सिंक तुंबलं की पहिला हात जातो तो ड्रेन क्लीनरच्या पुडीकडे. त्याआधी पाणी नेमकं कुठे अडलंय ते बघा, दोन मिनिटंही लागत नाहीत. एकटं सिंक किंवा एकटं बेसिन तुंबलं असेल तर कचरा बहुतेक त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भागात, किंवा पुढच्या हातभर पाइपात असतो. फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर मात्र मुख्य लाइन चोक आहे. मग सिंकशी कितीही झटापट करा, उपयोग नाही.

सिंकखाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅपचा तळ फिरवून काढा. हाताने हलत नसेल तर भोवती फडकं गुंडाळून मग पाना लावा, नाहीतर प्लास्टिकचे आटे जातात. आतून काळपट, बुळबुळीत गोळा निघेल: थिजलेलं तेल, साबण आणि खरकट्याचे कण. ब्रशने घासा, वॉशर बसतो ती कडही पुसा. परत जोडल्यावर गळती होते ती बऱ्याचदा नट सैल राहिल्यामुळे नव्हे, तर वॉशर तिरका बसल्यामुळे. आणखी आवळलंत तर तो पिळला जाईल. उघडून सपाट बसवा. शेवटी पाणी सोडून खालून कोरडा कागद फिरवा. थेंब गळत असेल तर कागद लगेच सांगतो.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा भिंतीतल्या पाइपात. तिथे 6 ते 8 मिलिमीटर जाडीची ड्रेन स्प्रिंग, म्हणजे पाइपात सरकवायची लांब लवचिक तार, लागते. अडली की रेटू नका, मूठ फिरवत हलका दाब द्या. वळण असेल तर ती पुढे सरकते. कचरा असेल तर मऊ लागतं, दाबलं की थोडं आत जातं. टोक कचऱ्यात रुतलं की फिरवणं न थांबवता ओढून घ्या.

ट्रॅप खोलण्याआधी प्लंजर मारून बघायला हरकत नाही, पण बेसिनचं वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा. ते उघडं असेल तर सगळा जोर तिथूनच निघून जातो. रबरी वाटी पाण्यात बुडायला हवी. दाबण्याइतकाच वर ओढण्याचा झटकाही महत्त्वाचा.

आता रसायनं. कॉस्टिक सोडा तेल खातो हे खरं. पण पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये तो वरच्या पाण्यात विरघळून पडून राहतो, आणि नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर येतो. त्यावर अॅसिड ओतणं तर जिवाशी खेळ. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर? दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस भरपूर, गोळा जागच्या जागी. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो.

तुंबूच नये म्हणून एवढं पुरे: तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसा, नहाणीच्या जाळीतले केस रोज उचला, वेट वाइप्स आणि पॅड कमोडमध्ये टाकू नका. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वाइप कागदासारखा सहज विरघळत नाही. तरीही तीच लाइन पुन्हा पुन्हा भरत असेल तर उतार तपासून घ्या. 110 मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे साधारण 2 सेंटिमीटर उतार हवा, नाहीतर पाणी पुढे जातं आणि गाळ मागे बसतो.

मुख्य लाइनसाठी घराजवळच्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रिकामं असेल तर घर आणि चेंबरच्या मध्ये. रॉड वरूनच चालवा, चेंबरमध्ये उतरू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही असं धरून चालू नका. रॉडने सुटलं नाही तर जोराच्या पाण्याने लाइन धुणाऱ्या जेटिंग मशीनवाल्याला बोलवा.