व्हॅलँडिगहॅमच्या मागावर ओहायोत: गाडी नसेल तर जाऊ नका

ओहायोतल्या डेटन शहरातल्या टॅक्सीवाल्याने "लेबनन काय, इथेच तर आहे" म्हणून बसवलं. त्या गावाचं अंतर निघालं सुमारे 40 किलोमीटर, आणि उतरताना साहेबांनी रिकाम्या परतीच्या फेरीचं भाडंही माझ्याच माथी मारलं. तेव्हा गाडी भाड्याने घ्या, नाहीतर बेत रद्द करा.

क्लेमंट व्हॅलँडिगहॅम (1820–1871) हा वकील, अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य आणि 1847 ते 1849 'डेटन एम्पायर'चा संपादक. यादवी युद्धात उत्तरेत बसून युद्धाला विरोध करणाऱ्या 'कॉपरहेड' डेमोक्रॅटांचा म्होरक्या. भाषणस्वातंत्र्याचा हुतात्मा म्हणून कुणी त्याची भलामण केली तर निम्मंच खरं माना. 1863 च्या मे महिन्यात ओहायोतल्याच माउंट व्हर्नन इथल्या युद्धविरोधी भाषणावरून सैनिकांनी त्याला मध्यरात्री घराची दारं फोडून उचललं, हे खरंच. पण त्याच्या समर्थकांनी त्यावर काय केलं? 'डेटन जर्नल' या विरोधी पत्राचं ऑफिस जाळलं! शिवाय गुलामगिरी मोडायला निघालेल्यांचा त्याला मनापासून राग. मला हा माणूस आवडला नाही.

राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्याची कैद रद्द करून त्याला टेनेसीत थेट फुटीर दक्षिणेच्या हद्दीत सोडून दिलं. तो बर्म्युडामार्गे कॅनडात पोचला आणि तिथूनच ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून दणकून आपटला. यासाठी टेनेसीपर्यंत गाडी हाकू नका.

डेटनमध्ये वुडलँड स्मशानभूमीत त्याची कबर आहे. "गेटपासून दहा मिनिटं" हे हॉटेलात सांगितलेलं साफ खोटं. टेकडीच आहे ती, वळणावळणाचे रस्ते, चढ संपता संपत नाही. जुलैच्या दुपारी माझा जीव अर्धा झाला. सकाळी जा, पाणी न्या, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. राइट बंधू तिथेच आहेत, तेही उरकून घ्या.

खरी जागा लेबननची. 1803 पासूनचं 'गोल्डन लँब' हॉटेल, तेव्हाचं 'लेबनन हाउस'. जून 1871 मध्ये टॉमस मॅकगेहन या खुनाच्या आरोपीचा वकील म्हणून व्हॅलँडिगहॅम इथे उतरला होता. मेलेल्या टॉम मायर्सने गुडघ्यावरून उठताना खिशातलं पिस्तूल काढलं आणि ते स्वतःलाच लागलं, असा त्याचा बचाव. सोबतच्या वकिलांना प्रात्यक्षिक दाखवायला टेबलावरच्या दोन पिस्तुलांपैकी एक उचललं, खिशात घातलं, बाहेर ओढलं. भरलेलं नेमकं तेच होतं. दुसऱ्या दिवशी गेला. अशील मात्र पुढे निर्दोष सुटला!

खोली त्याच्याच नावाने ओळखली जाते, पण खाजगी जेवणांसाठी वापरतात, म्हणून आधी फोन करा. टेबलाशी उभं राहिल्यावर पायांचा थकवा पार विसरलो. वेळ कमी असेल तर डेटन गाळा, लेबनन नको.