तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रामसभेतल्या भांडणात संशोधन कसलं?

"मॅडम, ग्रामसभेत नुसती भांडणं होतात. त्यात संशोधन करण्यासारखं काय असतंय?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि ज्या गावात रेकॉर्डर घेऊन बसते तिथले सरपंच तर हमखास विचारतात. आमच्या आत्याबाई त्याहून थेट बोलतात: "इतकं शिकून तू लोकांची भांडणं लिवून काढायलीस व्हय?"

हो, शब्दन् शब्द लिहून काढते. मराठवाड्यातल्या ग्रामसभांमध्ये कोण बोलतं, काय बोलतं, कुणाला मधेच गप्प केलं जातं आणि कुणाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं, हे बघणं माझं काम. राज्यशास्त्रात याला सार्वजनिक विचारविनिमयाचा अभ्यास म्हणतात. जगभर त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. आपल्याकडं तेवढं नाही, कारण गावात राजकारण असतं, विचारविनिमय कसला, असं आपण धरूनच चाललोय.

आधी भांडणाचं सांगते. भांडण झालं म्हणजे सभा वाया गेली, असं मला वाटत नाही. अर्ध्या तासात सगळे विषय मंजूर होऊन चहा येतो, त्या सभेची मला जास्त काळजी वाटते. तिथं ठरायचं ते आदल्या रात्रीच ठरलेलं असतं, कुणाच्या तरी ओट्यावर नाहीतर फाट्यावरच्या हॉटेलात (आमच्याकडं चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात). सभेत नुसत्या सह्या होतात. कित्येकदा तर कोरमअभावी सभा तहकूब होते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला मात्र तीही अट नसते. मग उरलेल्या पंधरा-वीस जणांत गावाचा कारभार उरकतो, अगदी शांततेत.

एक प्रसंग जवळून दाखवते. गावाचं नाव सांगणार नाही, त्या अटीवरच मला तिथं बसू दिलं होतं. शाळेच्या पटांगणात सभा, विषय पाण्याचा. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीच्या कडेला. सरपंच ताई खुर्चीवर, शेजारी त्यांचे दीर. एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "टाकीपाशी दोन दिसाला नळ येतो, आमच्या वस्तीत आठ दिसाला. माझी नात हापशावर लाईनीत उभी राहायली, तिची शाळा बुडायली. तिची परीक्षा काय नळ आल्यावर घ्यायची का?"

हशा झाला. ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, मोटार जळालीय. वर कळवलंय." मागून एक तात्या ओरडले, "मोटार जळाली तर टाकीपाशी कसं येतंय मग?" त्यावर चार-पाच जण एकदमच बोलायला लागले, माझ्या कागदावर तिथं 'गोंधळ, अस्पष्ट' एवढंच आहे. मग दीर म्हणाले, "पुढचा विषय घ्या." ताई काही बोलल्या नाहीत.

आता यावर आम्ही काय करतो? प्रत्येक बोलणं सुटं करतो आणि त्यावर खुणा करतो, ज्याला धंद्याच्या भाषेत कोडिंग म्हणतात. दोघींनी वेगवेगळं बसून करायचं, मग ताडून बघायचं. फार फरक पडला तर नियम पुन्हा लिहायचे. या कामाची एक प्रसिद्ध मोजपट्टी राज्यशास्त्रज्ञ युर्ग स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली. बोलणाऱ्यानं कारण दिलं का, सगळ्यांच्या भल्याचा दाखला दिला का, समोरच्याच्या मागणीचा आणि युक्तिवादाचा मान राखला का, मधला मार्ग सुचवला का, असं ती विचारते. ती पट्टी तयार झाली संसदेतल्या भाषणांसाठी. आमच्या मावशींना तिच्यावर उभं केलं तर त्या नापास. कारण दिलं, पण नातीच्या गोष्टीतून. भलं मागितलं, ते आपल्याच वस्तीचं. मान राखण्याऐवजी टोमणा मारला. तात्यांचा तर सूरच चुकलेला. आणि तरीही त्या सगळ्या सभेत सर्वात नेमका युक्तिवाद तात्यांनीच केला होता. एका वाक्यात त्यांनी ग्रामसेवकांचं कारण उघडं पाडलं.

ही अडचण मी शोधून काढलेली नाही. आयरिस मॅरियन यंग आणि लिन सँडर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकातच बजावलं होतं की शांत, मुद्देसूद, कारणांची उतरंड लावून बोलणं ही शिकलेल्या, वरच्या थरातल्या लोकांची सवय आहे. तेवढ्यालाच विचार म्हटलं तर बाकीचे बोलून न बोलल्यासारखे होतात. मी माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला: प्रश्नाला उत्तर मिळालं का, आणि मिळालं तर कसलं. माझ्या मते सभेची परीक्षा तिथं आहे. लोक कसे बोलले याचे मार्क नंतर देऊ, आधी त्यांचं ऐकलं कुणी ते बघू.

त्या रकान्यात जे सापडतं ते फार एकसुरी आहे. "वर कळवलंय." "वरून आलंय." "ऑनलाइन आहे, आपल्या हातात नाही." घरकुलाच्या 'ड' यादीवर (घरकुल कुणाला मिळायचं त्याची यादी) तासभर वाद होतो, कुणाचं पत्र्याचं घर, कुणाचा स्लॅब, कुणाचा पोरगा पुण्यात नोकरीला, सगळं निघतं. लोकांकडं एकमेकांची माहिती सरकारी सर्वेक्षणापेक्षा जास्त असते. आणि शेवटी कळतं की यादी पोर्टलवर आहे, तिथं गावाचा वाद पोचतच नाही. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पण ज्यावर वाद घालायचा तो निर्णय दुसरीकडंच होत असेल तर पटांगणातली माणसं आवाज चढवणार नाहीत तर काय करतील? त्यामुळं "गावकऱ्यांना चर्चा करता येत नाही" असं कुणी साहेब म्हणाले की मला राग येतो. संशोधकानं रागावू नये म्हणतात. असो.

बायकांचं वेगळं सांगायला पाहिजे. तमिळनाडूतल्या ग्रामसभांच्या शब्दांकनावर रम्या पार्थसारथी, विजयेंद्र राव आणि नेत्रा पलानीस्वामी यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. बायका कमी बोलतात, चर्चेचा विषय त्यांच्याकडून कमी ठरतो, आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना उत्तरही कमी मिळतं, असं त्यात दिसलं. पण पंचायतीची अध्यक्ष आरक्षणातून आलेली बाई असली की बायकांना उत्तर मिळण्याचं प्रमाण वाढतं. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणून मोठ्या आशेनं मी हा निष्कर्ष इथं लावून बघते. काही गावांत तो लागू पडतो. काही गावांत खुर्चीशेजारी दीर असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. तिथं याच बायका घडाघडा बोलतात, दारूच्या गुत्त्यापासून अंगणवाडीच्या खिचडीपर्यंत. मग ग्रामसभेत ते ठराव वाचले जातात का, हा माझा सध्याचा विषय आहे.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांचं नाव न घेता या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणून घेते. युरोपात अठराव्या शतकात लंडनच्या कॉफी हाउसांत, पॅरिसच्या बैठकांत लोक राज्यकारभारावर मोकळेपणानं वाद घालू लागले आणि त्यातून लोकमत नावाची शक्ती उभी राहिली, असं त्यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्यावर अमेरिकी विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी विचारलं की बायका, कामगार कुठं होते तेव्हा? मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेब संविधान सभेत सांगत होते की खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचं घर आहे, त्याला राज्याचा पाया करू नका. पुढं १९७८ ते १९९४, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या काळात, ज्यांची घरं जळाली त्यांना बाबासाहेब काय म्हणत होते ते गावानंच दाखवून दिलं. त्या काळातली दलित वस्तीतली चर्चा गावच्या पारावर होत नव्हती, ती बुद्धविहारात आणि आंबेडकरी गाण्यांच्या जलशांत होत होती. पार सगळ्यांचा असतो हे ऐकायला बरं वाटतं.

म्हणून एकमताकडं मी जरा संशयानं बघते. २०२३ च्या ऑक्टोबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी वेशीवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. राजकीय संवादाचा विद्यार्थी म्हणून मला तो फलक विलक्षण वाटला. इतकी वर्षं माइक नेत्याच्या हातात होता, आता गाव नेत्याला सांगत होतं की आधी उत्तर आण, मग ये. पण त्याच गावात जी घरं या मागणीच्या विरोधात होती, त्यांनी तोंड उघडलं का? लोकमताच्या जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये लिहिलं होतं की आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की समोरचं मत आहे त्याहून मोठं दिसतं. ती गप्प घरं माझ्या रेकॉर्डरवर येत नाहीत.

आणि ज्यावर बोलायचं ते तरी कोण ठरवतं? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा देशभरचे कॅमेरे रुळाला चिकटले. मॅकोम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं की बातम्या ज्याला ठळक करतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटू लागतं. आमच्या गावांत मात्र प्रश्न रेल्वेचा नव्हताच. टँकरच्या खेपा किती लिहिल्या आणि किती आल्या, लॉगबुकवर सही कोण करतं, हा होता. त्यावर एकही कॅमेरा आला नाही. ग्रामसभेत तो प्रश्न निघाला आणि निघाला की भांडण झालं.

"मग याचा उपयोग काय?" हा ठरलेला दुसरा प्रश्न. शोधनिबंध वाचून नळ येत नाही, हे मला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र सांगता येते, ती विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय नेहमी एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय अर्ध्या मिनिटात उरकतात, कारण तेव्हा माणसं अजून जमत असतात आणि कुणाचं लक्ष नसतं. तिथंच हात वर करा. "वाचा" म्हणा. मागच्या वेळी तुम्ही विचारलेला प्रश्न त्यात लिहिलाय का ते ऐका, आणि लिहिला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय दुसरा विषय घेऊ देऊ नका. आणि हो, प्रश्न लेखी दिला तर पोच घ्या.