पेडलचा डबा, फोंडा ते म्हापसा, आणि एक तीनकोनी भोक

निकाल आधीच सांगतो. गिटारच्या पेडलसाठी, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या यंत्रासाठी, अ‍ॅल्युमिनियमचा डबा हवा असेल तर गोव्यात दुकानोदुकानी फिरू नका, घरी मागवा. आणि त्यात स्विच वगैरे बसवायची भोकं स्वतः पाडा. मला नेमकं याच्या उलट सांगणारे भेटले होते: म्हापशाला सगळं मिळतं, आणि फोंड्याजवळच्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कोणीही पाच मिनिटांत भोकं पाडून देतो. या भरवशावर भर पावसात फोंड्याहून स्कूटर काढली.

म्हापशाला शुक्रवारी तर जाऊच नका, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. 'मेटल बॉक्स' म्हटलं की भिंतीत पुरायचा स्विचबोर्डचा जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) बॉक्स समोर येतो. चारी बाजूंनी वायरिंगसाठी फोडायच्या चकत्या, पुढून उघडा. वर आपल्याकडची खारी हवा, पत्रा जिथे कापाल तिथे गंज धरणारच. दुसऱ्या दुकानात पीव्हीसीचा बॉक्स गळ्यात मारायला बघत होते. फझसारखं (आवाज खरखरीत करणारं) जास्त गेनचं, म्हणजे सिग्नल खूप वाढवणारं सर्किट प्लॅस्टिकमध्ये बसवलंत तर गिटारपेक्षा घुरघुर जास्त ऐकू येईल; धातूचा डबा सर्किटच्या अर्थला (ग्राउंडला) जोडलेला असतो म्हणून तर बाहेरचा हम अडतो. पणजीत पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग) आणि जॅक (गिटारची वायर खुपसायची जागा) मिळाले. डबा नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार शटर खाली असतात, हे धरूनच निघा.

शेवटी ओळखीच्या एका गिटारवाल्याने त्याच्याकडचा जादाचा डबा दिला. हॅमंड कंपनीच्या 1590बी मापाचा, म्हणजे सुमारे 112 बाय 60 बाय 31 मिलिमीटर. पहिलंच पेडल असेल तर याच्याऐवजी 125बी मापाचा घ्या. तो जरा रुंद आणि उंच असतो, जॅक आणि पॉट एकमेकांच्या पोटात घुसत नाहीत.

आता कुंडई. वर्कशॉप कुठलं ते सांगत नाही. "जातलें, जातलें" (होईल, होईल) म्हणत त्या माणसाने डबा हातात घेतला, मी लावलेला भोकांचा कागदी नकाशा बाजूला सारला आणि सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या अवजाराने) खूण न ठोकताच थेट 12 मिलिमीटरचं बिट लावलं. डबा शिकंज्यात नाही, डाव्या हातात! डब्याची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर. साधं जाड बिट पातळ पत्र्यातून आरपार जाताना अडकतं आणि झटका देतं. डबा गर्रकन फिरला, त्याचं बोट थोडक्यात वाचलं, आणि फूटस्विचचं (पायाने दाबायच्या स्विचचं) भोक झालं तीनकोनी. स्विच बसतो, पण नट आवळला की तिरका होतो. वर भोकामागे पन्नास रुपये मागितले, त्या तीनकोनी भोकाचेसुद्धा. वाद घातला, शेवटी निम्मे दिले. तेसुद्धा देऊ नयेत असं अजून वाटतं.

ज्या बिटाने हे काम होतं ते म्हणजे 4 ते 12 मिलिमीटरचं, एकेक मिलिमीटरच्या पायऱ्यांचं स्टेप ड्रिल (पायरीपायरीने जाड होत जाणारं बिट). 4 ते 20चं घेऊ नका. त्यात पायऱ्या सहसा दोन-दोनच्या, आणि 16 मिलिमीटरच्या पॉटला 7चं भोक लागतं. एकेकच्या पायऱ्यांच्या 4 ते 12मध्ये 7 आहे, जॅकसाठी 10 आहे, आणि शेवटची पायरी 12 म्हणजे फूटस्विचचं भोक वाजवीपेक्षा मोठं होऊच शकत नाही. एलईडी आणि डीसी सॉकेट आपापल्याकडचे मोजून घ्या, त्यांची मापं एकसारखी नसतात.

नकाशा छापताना 'फिट टू पेज' बंद, नाहीतर सगळं आकसतं. छापून झाल्यावर पट्टी लावून मोजा. मास्किंग टेपवर कागद चिकटवा, पंच मारा, 3च्या बिटाने आधी बारीक भोक, मग स्टेप. वेग कमी आणि रॉकेलचे दोन थेंब, कोरडं अ‍ॅल्युमिनियम बिटाला चिकटून बसतं. डबा दोन पट्ट्यांवर ठेवून आवळा, मध्ये मोकळी जागा राहू द्या, कारण स्टेप ड्रिलचं टोक लांब असतं आणि टेबलात घुसतं. कोपऱ्यात स्क्रूचे खांब असतात, जॅक तिथे आखू नका. बाजूच्या भिंती किंचित उतरत्या असतात, म्हणून माप कडेपासून नाही, मधल्या रेषेपासून घ्या.

भोकांच्या कडा कानशीने घासा. पावडर कोटिंगवाला डबा असेल तर आतून जॅक जिथे टेकतो तिथला रंग खरवडायचाच, नाहीतर डबा अर्थला लागत नाही आणि एवढा धातू वाया.

परतताना मंगेशीला थांबलो, चहा चांगला होता. एवढ्यासाठी जायची गरज नाही. ड्रिल मशीन नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे जा. पातळ अ‍ॅल्युमिनियम त्याच्या रोजच्या हाताखालचं असतं. पण स्टेप ड्रिल स्वतःचं न्या, डबा आवळल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका, आणि पैसे भोकामागे नाही, कामाचे म्हणून आधीच ठरवा.