दाशिकची थंडी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की आमच्या घरात पहिलं माझं नाक चोंदतं. यंदा चार दिवस मी नाशिकात नाही, 'दाशिक'मध्ये राहिलो.

लक्ष्मणाने इथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नाशिक, असं पंचवटीत कुणीही सांगेल. आता नाकावरून नाव पडलेल्या गावात राहायचं आणि नाकाअभावी त्याचंच नाव घेता येऊ नये! खुद्द शूर्पणखेची माझ्या तोंडी 'शूर्पडखा' झाली. म, न, ण म्हणताना तोंडाची वाट बंद असते, हवा नाकातून निघते. पाणिनीने तर सूत्रच केलंय: मुखनासिकावचनोऽनुनासिकः, म्हणजे तोंड आणि नाक मिळून उच्चारला जातो तो अनुनासिक. त्यातली नासिका गेली की उरतात ब, द, ड. मामाचा फोन आला, मी त्याला 'बाबा' म्हणालो. 'आई'ला मात्र सर्दीची बाधा नाही, दोन्ही स्वरच.

सकाळी डेअरीत गेलो. "अर्धा लिटर म्हशीचं," असं म्हणायचं होतं. बाहेर पडलं "भशीचं." दुकानदाराने वर पाहिलं आणि विचारलं, "भैंस का? थैली दूँ या खुला?" राग आला, पण चूक त्याची नव्हती. संस्कृतातल्या महिषीची आपण म्हैस केली, हिंदीने भैंस. माझ्या सर्दीने तेच अंतर एका रात्रीत कापलं. म्ह, न्ह हे आपले खास जोडीचे आवाज, नाकातला म किंवा न आणि घशातला ह एका दमात. म्हातारा, न्हावी, उन्हाळा, सगळ्यांची वाट लागली होती.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्विल्यूट भाषेत हे कायमचं झालंय. तिथल्या जुन्या म-न चे ब-द झाले, तेही सर्दीशिवाय. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनविल बेटावरच्या रोटोकास भाषेच्या एका बोलीतही म-न नाहीत. परक्याच्या बोलण्याची नक्कल करायची असेल तेव्हा तेवढे काढतात म्हणे. मला बरं वाटलं. तिथे मी अगदी शुद्ध बोलणारा ठरलो असतो.

रात्री बायकोने विचारलं, "काढा करू?" मी मिटल्या तोंडानेच "अंहं" म्हणायला गेलो. हवेला वाटच नव्हती. घशात स्वरतंतू मिटतात तो बारीकसा 'टक्' तेवढा वाजला. हवाईच्या भाषेत या टक्-ला स्वतंत्र अक्षर आहे, ओकिना. उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं आणि व्यंजनांत मोजलं जातं. आपल्याकडे त्याला बाराखडीत जागा नाही आणि घरात किंमत नाही. मौन म्हणजे संमती. आलं, गवती चहा आणि भरपूर मिरी घातलेला काढा आला.

पाचव्या दिवशी नाक मोकळं झालं. डेअरीत जाऊन ठणठणीत आवाजात म्हणालो, "म्हशीचं दूध, अर्धा लिटर."

"हाँ भैया, खुला ना?"