तांबड्या, चिमाक्का आणि वाण्याचा काटा

आमच्या घरात चार मांजरं आहेत आणि गेल्या वर्षापर्यंत चौघांची मिळून एकच परात होती. सकाळी आई दाणे ओतायची, संपले की घरात जो असेल तो परत ओतायचा, आणि रात्री परात रिकामी दिसली की सगळे पोटभर जेवले असं आम्ही धरून चालायचो. मी दिवसभर गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत अकौंट्स बघते, तिथं दहा रुपयांचा फरक आला तर व्हाउचर शोधत बसते, पण घरात महिन्याला किती किलो कॅट फूड कुणाच्या पोटात जातंय हे कधी लिहून काढलं नव्हतं.

तांबड्या आणि पांढरी हे भाऊ-बहीण, वय वर्षं ३, नावं कशावरून ठेवली ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. गुंड्या वर्षाचा, पावसात एका रिक्षाखाली सापडलेला. आणि चिमाक्का, ११ वर्षांची, घर तिचंच आहे, आम्ही तिच्याकडं राहतो.

तांबड्या जाड होता हे आम्हाला दिसत होतं पण कळत नव्हतं. मंगळवार पेठेत कुणी सुटलं तर 'जाड झालास' म्हणत नाहीत, 'तब्येत केलीय' म्हणतात. पप्पा तरुणपणी तालमीत होते, खासबागेत कुस्ती खेळलेत, त्यामुळं त्यांना तर तांबड्याचा अभिमानच. आल्यागेल्याला मांडीवर घेऊन दाखवायचे, बघा गर्दन बघा. पण दिवाळीनंतर एकदा तो स्वयंपाकाच्या ओट्यावर उडी मारायला गेला आणि नुसते पुढचे पाय ओट्याला लागले, मागचं धड खालीच, आणि धपकन पडला. त्याच दिवशी उचलून घेतल्यावर शेपटीच्या वर केसांच्या गाठी हाताला लागल्या. त्याची मानच तिथंपर्यंत पोचत नव्हती चाटायला.

एका डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले एक वेळचं बंद करा, होतंय कमी. मी त्याच्यावर कडी केली, एक वेळचं बंद आणि दुसऱ्या वेळेला जुन्याऐवजी एकदम नवीन लाइट फूड. साहेबांनी वास घेतला आणि पाठ फिरवून बसले. एक दिवस गेला, रात्र गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. आई म्हणाली, "उपाशी मारतीस व्हय गं त्याला?" मग मी घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं आणि तिथं बाईंनी मला चांगलं झाडलं.

त्यांनी सांगितलं ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. माणूस दोन दिवस उपास करतो तसं जाड मांजराचं चालत नाही. खाणं बंद झालं की अंगावरची चरबी सुटून लिव्हरकडं धावते, लिव्हरला ती पेलत नाही आणि तिथंच साठून बसते, दोन-तीन दिवस मांजर काहीच खात नसेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे जाड मांजर जास्त दिवस उपाशी राहू शकेल असं आपल्याला वाटतं ते बरोबर उलटं आहे. नवीन फूड द्यायचं असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांनी पूर्ण बदलायचं, आणि वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपासच उतरवायचं, दोनच्या वर जायचंच नाही.

क्लिनिकच्या काट्यावर तांबड्या भरला ७ किलो १८० ग्रॅम. बाईंनी माझा हात धरून त्याच्या बरगड्यांवर ठेवला. आपल्या पंजाची मागची बाजू चाचपली की हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत, तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी जास्त, आणि मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर मांजर वाळलेलं. तांबड्याचा नुसता तळहात होता, तोही लोणी लावलेला. त्याचा सांगाडा बघून ५ किलो बरोबर म्हणाल्या, आणि खाणं त्या ५ किलोच्या हिशोबानं द्यायचं, आत्ताच्या वजनाच्या नाही. मी इतके दिवस पाकिटावरचा तक्ता कधी बघितलाच तर ७ किलोची ओळ बघायचे, म्हणजे जाडी जागेवर राहायला जेवढं लागतं तेवढं. हिशोब असा की वजनाचा ०.७५ घात काढायचा, त्याला ७० नं गुणायचं, आणि वजन उतरवायचं असेल तर त्याच्या ८० टक्के. ५ किलोला साधारण २३४ येतात, त्याचे ८० टक्के म्हणजे १८७, आम्ही १९० कॅलरी धरल्या. आमच्या दाण्यात १०० ग्रॅमला ३८० कॅलरी आहेत, म्हणजे अख्ख्या दिवसाला ५० ग्रॅम. बस. किंवा एक ओला पाऊच आणि ३३ ग्रॅम दाणे. बाईंनी हेही सांगितलं की नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बोक्याला लागतं कमी आणि भूक लागते जास्त, तेव्हाच खाणं कमी करायचं असतं. आम्ही तेव्हा अशक्तपणा येईल म्हणून वाढवलं होतं!

घरी येऊन किचनचा छोटा काटा काढला, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकानं रोजच्यासारखी एक मूठ दाणे घ्यायचे आणि वाटीत टाकायचे. आईची मूठ भरली २२ ग्रॅम, माझी २६, धाकट्या भावाची ३१. पप्पांनी हात घातला, वर काढताना चार-पाच दाणे सांडले, तरी ४८! म्हणजे पप्पांची एक मूठ म्हणजे तांबड्याचा जवळजवळ सगळा दिवस, आणि ते येताजाता अशी मूठ टाकायचे. परात तीन दिवस वजन करून भरली तर सरासरी २७० ग्रॅम संपत होते, त्यात तांबड्याचा वाटा किती हे सांगायला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती.

शिवाय दूध. पप्पा रोज सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातात, समोर पिळलेलं धारोष्ण दूध तिथं उभ्यानं पितात आणि अर्धा लिटर घरी आणतात, त्यातलं अर्धी वाटी तांबड्याला. म्हशीचं दूध ते, अर्ध्या वाटीत ६० कॅलरी, त्याच्या दिवसाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचतही नाही, आणि पातळ शी कुणाची व्हायची हे कोडं आमच्याकडं दोन वर्षं पडलेलं होतंच. रविवारच्या मटणाचं पण सांगून टाकते, आमच्यात समज असा की तांबडा रस्सा तिखट म्हणून नको पण अळणी चालतं. अळणीत कांदा-लसूण असतोच की. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला म्हणून विष जात नाही. आता मटण शिजायला टाकायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडते, तेही मोजून.

कागदावर हे सगळं पाच मिनिटांत झालं. खरी कसरत चौघांना वेगळं खायला घालणं ही. चिप वाचून ज्याचं त्यालाच उघडणारी भांडी मिळतात पण चार घ्यायची म्हणजे माझा पगार गेला. मग आम्ही जागा वाटल्या. चिमाक्का देवघराच्या खोलीत, दार लावून. पांढरी बाथरूममध्ये. गुंड्याची ताटली तिजोरीवर, कारण तिथं तांबड्याला चढता येत नव्हतं. आणि तांबड्या खाली स्वयंपाकघरात, माझ्या पायाशी. सकाळी सात आणि रात्री आठ, वीस मिनिटं, मग उरलेलं असेल तर ताटल्या उचलायच्या. परात माळ्यावर. पहिले दहा दिवस तांबड्या पहाटे चारला माझ्या छातीवर बसून तोंडावर पंजा मारायचा, मी उठून घातलं असतं तर रोजचंच झालं असतं, म्हणून डोळे मिटून पडून राहायचे, नंतर सुटलं ते.

वजनासाठी घरचा माणसांचा काटा उपयोगाचा नाही, तो शंभर ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो आणि आमचा अख्ख्या आठवड्याचा हिशोब ७० ग्रॅमचा. म्हणून दर रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात. बुट्टीत टॉवेल घालून काटा शून्य करायचा, मग मांजर ठेवायचं, पाच ग्रॅमपर्यंत दाखवतो तो काटा. दुकानातले मामा फार सज्जन, फक्त पहिल्या रविवारी शाबू घ्यायला आलेल्या एका काकांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "किलोला काय भाव?"

मी खरं तर एकट्या तांबड्यालाच न्यायचे. बाई म्हणाल्या होत्या चौघांचं करा म्हणून, पण चार फेऱ्या कोण मारणार, बाकीचे ठीकच तर दिसत होते. पहिल्यांदा चौघांचं केलं आणि मग पाच आठवडे नुसता तांबड्या. तो ६ किलो ८७० वर आला, मी खूश. पण त्या दिवसांत देवघरातली ताटली रोज उरायला लागली, ३५ ग्रॅममधले कधी १५ तर कधी २० तशीच. चिमाक्का जायची ताटलीकडं, दोन दाणे उचलायची, मान वाकडी करायची, एक दाणा तोंडातून खाली पडायचा, मग उठून जायची. मी बुट्टीत घालून नेलं तर ३ किलो ६० ग्रॅम. आधी होती ३ किलो ३२०. २६० ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही, पण ६० किलोच्या बाईचे पाच आठवड्यांत पावणेपाच किलो गेले तर आपण काय केलं असतं?

डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलून दाखवला, हिरड्या लालभडक, मागच्या दाढा खराब झालेल्या. या वयात किडनीनं आणि थायरॉइडनं पण वजन उतरतं म्हणून आधी रक्त तपासलं, ते ठीक आलं, मग भूल देऊन तीन दाढा काढल्या. मला राहून राहून हेच वाटत होतं की हे पाच आठवड्यांत झालेलं नाही. परातीत ती दोन दाणे खाऊन उठायची आणि तिचं उरलेलं तांबड्या साफ करायचा, आम्हाला परात रिकामी दिसायची. तो जाड होत गेला त्यातलं थोडं तरी तिच्या वाटणीचं होतं. आता ती ओलंच खाते, पाऊच गरम पाण्यात धरून कोमट करून द्यावा लागतो, गार दिला तर माझ्याकडं बघत बसते.

पप्पांचं मन वळवायला मला जमलं नव्हतं, दूध चोरून चालूच होतं, दोनदा पकडलं. चिमाक्काच्या दाढांचं बिल भरून आलो त्या रात्री मी वही घेऊन बसले होते, आठवड्याला ७० ग्रॅम वगैरे, ते शेजारी बसून बघत होते आणि एकदम म्हणाले, "म्हंजे ह्याचं वजन उतरवायलाईस तू. मग तसं सांग की." मग सांगत बसले, ते ६८ च्या गटात खेळायचे, कुस्तीच्या आधी ७१ वर असायचे, ज्यांनी दोन दिवसांत उपाशी राहून उतरवलं ते मैदानात गुडघ्यावर आले, वस्ताद महिनाभर आधीपासून भाकरी मोजायचे. मी दोन महिने कॅलरी कॅलरी करत होते, एकदा वजनी गट म्हणाले असते तर झालं असतं. तेव्हापासून रविवारची बुट्टी त्यांच्याकडं, चौघांचं वजन कॅलेंडरवर लाल पेनानं तेच लिहितात. दूध कट्ट्यावरच संपवून येतात. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर तांबड्याचेच मोजलेले दाणे एकेक टाकतात आणि त्याला वरखाली पळवतात, वरून परत "हाण!" म्हणून ओरडतात, शेजाऱ्यांना वाटतं मॅच चालू आहे.

मधे तीन आठवडे काटा हललाच नाही. पांढरी बाथरूमचं दार पंजानं ओढून बाहेर यायची आणि तो आत जाऊन तिचं संपवायचा, कडी लावल्यावर सुटला तो प्रश्न, पण आता सकाळी सात वाजता आंघोळीला नंबर लागत नाही म्हणून भाऊ बोंबलतो.

पाच महिने झाले. तांबड्या ५ किलो ९८०, चिमाक्का ३ किलो २९०. शेपटीवरच्या गाठी गेल्या, तो स्वतः चाटतो आता. आणि गेल्या मंगळवारी रात्री ताटल्या लावून झाल्यावर धाड असा आवाज आला म्हणून आतल्या खोलीत गेले तर गुंड्या खाली उभा, वर बघत ओरडतोय, आणि तिजोरीवर तांबड्या, गुंड्याच्या ताटलीत तोंड घालून. पप्पा दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीवर चढून त्याला खाली काढलं, ताटलीतलं उरलेलं मोजलं, ११ ग्रॅम त्यानं खाल्ले होते, ते सकाळच्यातून वजा केले. गुंड्या आता गॅलरीत जेवतो.