वेब सर्व्हरचे सुरक्षा अपडेट: पॅकेज बसल्यानंतर उरलेले काम

माझ्याकडे ज्या सर्व्हरची देखभाल आहे, तिथे पुढे एनजिनएक्स आणि त्याच्या मागे अपाची अशी दोन वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची मांडणी आहे, आणि सगळे डेबियन या लिनक्स वितरणावर (सॉफ्टवेअर आणि त्याच्या दुरुस्त्या तयार पॅकेजच्या रूपात पुरवणाऱ्या प्रणालीवर) चालते. अलीकडे सुरक्षा तपासणीचा अहवाल आला, तेव्हा त्यात एनजिनएक्स, अपाची आणि ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीसाठी वापरली जाणारी लायब्ररी) या तिन्हींपुढे ‘जुनी आवृत्ती’ असा शेरा होता आणि सोबत सीव्हीई क्रमांकांची (जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींना दिलेल्या क्रमांकांची) लांबलचक यादी जोडलेली होती. अशी यादी हाती पडली की मूळ प्रकल्पाची सर्वांत ताजी आवृत्ती उतरवून थेट सर्व्हरवर चढवावी, असे अनेकांना वाटते. मी तसे केले नाही, कारण त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची जबाबदारी वितरणाकडून आपल्याकडे येते आणि ती वर्षानुवर्षे निभावणे हे एका अपडेटपेक्षा कितीतरी मोठे काम आहे.

तपासणीचे साधन बाहेरून जोडणी करते, सर्व्हर स्वतःची जी आवृत्ती सांगतो ती वाचते आणि आकडा जुना दिसला की त्या आकड्याशी जोडलेल्या सगळ्या त्रुटी आपल्या नावावर मांडते. डेबियनची पद्धत मात्र वेगळी आहे. स्थिर आवृत्तीत शक्यतो मूळ आकडा तोच ठेवून केवळ त्रुटी दूर करणारा बदल मागे आणून बसवला जातो. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. एप्रिल २०१४ मधील हार्टब्लीड ही ओपनएसएसएलची त्रुटी याचे ठळक उदाहरण आहे. ओपनएसएसएलने ती त्रुटी १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त केली, पण डेबियन ७ च्या सर्व्हरवर दुरुस्तीनंतरही १.०.१ई असेच दिसत होते. बदलली होती ती त्यापुढे लागणारी ‘डेब७यू५’ ही डेबियनची खूण, जी बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही मला नेहमी महत्त्वाचे वाटते. २०२१ मध्ये अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत, ठरलेल्या फोल्डरच्या बाहेरच्या फाइलपर्यंत पोहोचू देणारी त्रुटी निघाली (सीव्हीई-२०२१-४१७७३). ती त्याच आवृत्तीत शिरलेली होती, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीवर असलेल्यांना तिचा धोका नव्हता. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, ती दुरुस्ती अपुरी ठरली आणि ७ ऑक्टोबरला २.४.५१ द्यावी लागली. तेव्हा केवळ आकडा नवा की जुना एवढ्यावरून सर्व्हर सुरक्षित आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

म्हणून मी यादीतील प्रत्येक क्रमांक डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर (कोणती त्रुटी कोणत्या पॅकेजमध्ये दुरुस्त झाली हे सांगणाऱ्या यादीत) पाहिला आणि पॅकेजच्या चेंजलॉगशी, म्हणजे बदलांच्या नोंदींशी, ताडून घेतला. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. बऱ्याच त्रुटी आधीच दुरुस्त झालेल्या होत्या, काही आम्ही चालूच न केलेल्या मॉड्यूलमधल्या होत्या, आणि उरलेल्या खरोखर बाकी होत्या. त्यांत ओपनएसएसएलच्या लायब्ररीतील दुरुस्ती सर्वांत निकडीची होती.

प्रत्यक्ष अपडेट चाचणीच्या सर्व्हरवर आधी केले. मुख्य सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेतला, सेटिंगच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवली. अपाचीच्या वेळी एक फाइल आम्हीही बदललेली होती आणि पॅकेजमध्येही ती नव्याने आली होती, त्यामुळे कोणती ठेवायची असा प्रश्न पडद्यावर आला. तिथे घाईने एंटर दाबला तर आपली फाइल जागच्या जागी राहते, आणि पॅकेजने नव्या फाइलमध्ये काही कडक केले असेल तर ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. मी आधी दोन्हींतील फरक ओळीओळीने वाचला, पॅकेजची नवी फाइल घेतली आणि आमचे बदल वेगळ्या फाइलमध्ये हलवले, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्नच उद्भवणार नाही. त्यानंतर एनजिनएक्स आणि अपाची या दोन्हींची सेटिंग-तपासणीची कमांड चालवली आणि ती निर्दोष आल्यावरच पुढे गेलो.

इथवर पॅकेज व्यवस्थापक सांगतो की सगळे नवे आहे. ते डिस्कपुरते खरे असते. लिनक्समध्ये लायब्ररीची फाइल बदलली, तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसने जुनी फाइल धरून ठेवलेली असते, आणि ती प्रोसेस संपेपर्यंत जुनाच कोड मेमरीत चालतो. मी एनजिनएक्सच्या मुख्य प्रोसेसचा मेमरी-नकाशा (तिने मेमरीत घेतलेल्या फाइलींची यादी) उघडला, तेव्हा लिबएसएसएल या ओपनएसएसएलच्या फाइलीच्या ओळीच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ असे लिहिलेले होते. म्हणजे डिस्कवर दुरुस्त लायब्ररी होती आणि येणारी प्रत्येक सुरक्षित जोडणी मात्र त्रुटी असलेल्या जुन्या लायब्ररीतून जात होती. रीलोड करूनही (सेवा न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावूनही) ती ओळ तशीच राहिली, कारण रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस तीच राहते आणि विनंत्या हाताळणारे नवे वर्कर तिच्यातूनच जन्मतात. इथे पूर्ण रीस्टार्टच लागतो.

आमच्याकडे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणारी यंत्रणा) असल्याने एकेक सर्व्हर रांगेतून बाहेर काढला, चालू विनंत्या संपू दिल्या, सेवा थांबवून पुन्हा सुरू केली आणि नकाशा परत पाहिला. ज्यांच्याकडे एकच सर्व्हर आहे, त्यांना एनजिनएक्सला यूएसआर२ सिग्नल देऊन नवी मुख्य प्रोसेस जुनीच्या शेजारी उभी करता येते आणि खात्री पटल्यावर जुनी निवृत्त करता येते. तो मार्ग आधी चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहावा. नीडरीस्टार्ट हे साधन जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या सेवांची यादी देते. त्या यादीत मेल पाठवणारी सेवाही निघाली, जी वेब सर्व्हरच्या विचारात कोणाच्याच लक्षात येत नाही.

एक भाग या सगळ्याच्या बाहेर होता. काही अनुप्रयोग कंटेनरमध्ये, म्हणजे यजमानापासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात, चालतात, आणि कंटेनर आपली ओपनएसएसएल स्वतःच्या इमेजमध्ये (ज्या तयार साच्यातून तो उभा राहतो त्यात) घेऊन येतो. यजमान सर्व्हर कितीही ताजा केला तरी तिला स्पर्श होत नाही. त्या इमेज ताज्या पायावर पुन्हा बांधून कंटेनर नव्याने उभे केले.

अहवालाच्या उत्तरात प्रत्येक सीव्हीईपुढे पॅकेजची पूर्ण आवृत्ती, चेंजलॉगमधील नोंद आणि सेवा पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहून दिली. पुढची तपासणी बाहेरून आकडा वाचून न करता सर्व्हरवर लॉगिन करून, बसवलेल्या पॅकेजच्या यादीवरून करावी, अशी मागणीही त्यासोबत केली आणि ती मान्य झाली आहे.