बर्नीसच्या चेहऱ्यावरचा उजेड

त्या दिवसाची क्यू शीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठले दिवे किती लावायचे त्याचा कागद, अजून माझ्या बॅगेत आहे. क्यू ४७ समोर, समोरच्या दिव्यांच्या रकान्यात, मी ७० टक्के लिहिलंय, ते खोडून ८५, आणि तेही खोडून ३०. शेवटचा आकडा माझ्याच अक्षरात आहे, पण तो माझा नाही.

नाटक होतं ऑगस्ट विल्सन यांचं 'द पियानो लेसन'. १९३६ सालचं पिट्सबर्ग, चार्ल्स कुटुंबाचं घर, आणि घरात पूर्वजांचे चेहरे कोरलेला पियानो. गुलामीच्या काळात मालकाने हा पियानो घेतला तेव्हा पैशांऐवजी या कुटुंबातली एक बाई आणि तिचा मुलगा देऊन टाकला. मागे राहिलेल्या नवऱ्याने ते चेहरे लाकडात कोरले. आता बॉय विलीला तो पियानो विकून जमीन घ्यायची आहे, आणि त्याची बहीण बर्नीस तो हलवू देत नाही.

मुंबईत मी आठ वर्षं प्रकाशयोजनेला सहायक होतो. शिवाजी मंदिर, यशवंत, ठाण्याचं गडकरी. दुपारचा प्रयोग उतरला की रात्रीच्या प्रयोगाचे दिवे लावायचे. इथे अमेरिकेत एका थिएटरमध्ये असोसिएट, म्हणजे प्रकाशयोजनेच्या डिझायनरचा सहयोगी, म्हणून काम करतो. या नाटकाच्या डिझायनर सत्तरीच्या कृष्णवर्णीय बाई. थिएटरमध्ये सगळे त्यांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मी इथे बाईच म्हणतो. पन्नास वर्षांचं काम आहे त्यांचं, आणि तरी अनेक थिएटरांना त्यांची आठवण फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथ आला की होते. शेक्सपिअर करायला त्यांना कुणी बोलावत नाही. हे मला अजून पटलेलं नाही.

टेकचा, म्हणजे तांत्रिक तालमीचा दिवस बारा तासांचा, त्यातले दहा कामाचे. बाहेरच्यांना माहीत नसतं ते हे, की बरेचसे क्यू नट रंगमंचावर येण्याआधीच तयार असतात. नटांच्या जागी कुणीतरी उभं राहतं, त्यांना लाइट वॉकर म्हणतात. बाईंचं विमान चुकलं होतं, म्हणून आदल्या दिवशी दिव्यांच्या लेव्हल्स मी लावल्या.

दुसऱ्या दिवशी बर्नीस पियानोपाशी आली आणि मागच्या रांगेतून थिएटरच्या एका अधिकाऱ्याचा निरोप आला: चेहरा दिसत नाही, उजेड वाढवा. मी समोरचे दिवे ७० वरून ८५ वर नेले. तिचा पांढरा ब्लाउज पेटल्यासारखा झाला, मागचा क्रीम वॉलपेपर झगझगला, आणि चेहरा राखेसारखा दिसायला लागला. जितका उजेड ओतावा तितकी ती मागे जात होती.

बाई टेक टेबलाशी गप्प बसल्या होत्या. मग विचारलं, "काल इथे कोण उभं होतं?"

दोन विद्यार्थी होते. दोघेही गोरे, सोनेरी केसांचे. मी त्यांच्या चेहऱ्यावर लेव्हल्स लावल्या आणि नटीवर वापरल्या. माझा स्वतःचा हात सावळा असून मला ते सुचलं नव्हतं.

"सगळं काढ," बाई म्हणाल्या. "फक्त पियानो ठेव."

पियानोवर माझा एकच सोर्स फोर, नेमका झोत टाकणारा दिवा, होता, विंगेतून, कमरेच्या उंचीवरून, जवळजवळ लाकडाला घासून जाणारा. त्याचा मला अभिमान होता. समोरून उजेड टाकला की कोरीवकाम पुसलं जातं. कडेने टाकला की प्रत्येक गालाला, कपाळाला सावली मिळते.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. कोरीव आहे, कडेनेच दिसणार."

"मग तिचा चेहरा काय सपाट आहे?"

पुढचा दीड तास मी फक्त आकडे लिहीत होतो. समोरचे ३० वर. दोन्ही विंगांतल्या उभ्या दांड्यांवरचे दिवे वाढवले, एका बाजूने थंड निळसर, दुसऱ्या बाजूने लव्हेंडर. मागून उजेड, म्हणजे खांदे आणि केस वॉलपेपरपासून सुटतात. आम्हाला शिकवलेला नेहमीचा अंबर, पिवळसर केशरी रंग, त्यांनी काढायला लावला. एकटा अंबर तपकिरी त्वचेला गढूळ करतो. काळी त्वचा उजेड गिळते हे मी ऐकत आलो होतो. बाईंनी दाखवलं की कपाळ, गालाचं हाड, नाकाची धार तो नेमका परत फेकतात, आणि दिव्याचा रंगही तसाच परत देतात. म्हणून प्रमाणापेक्षा दिशा मोठी. केशभूषा करणाऱ्या ताईंनी पावडर पुसून थोडं तेल लावलं. ब्लाउज, पांढरेपणा उतरावा म्हणून, चहाच्या पाण्यात बुडवायला गेला.

पंचेचाळीस अंशांवरचे समोरचे दोन दिवे, एक ऊबदार, एक थंड, ही प्रकाशयोजनेचे अमेरिकन शिक्षक मॅककँडलेस यांची पद्धत त्यांच्या १९३२ च्या पुस्तकापासून शिकवली जाते. पद्धत वाईट नाही. पण ती नियम म्हणून शिकवतात आणि कुठल्या चेहऱ्यासाठी, हे कुणी सांगत नाही. शर्ली प्रेंडरगास्ट यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द रिव्हर नायजर' या नाटकाची प्रकाशयोजना केली. तिथे हे काम करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांचं नाव मी बाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मुंबईत एका नाटकात सावळी नायिका होती. रंगीत तालमीत मी मेकअपवाल्या दादांना म्हणालो, "दोन शेड उजळ करा, दिव्यात दिसत नाहीये." त्यांनी पॅनकेक चढवला. ती आरशात बघत राहिली, काही बोलली नाही. पन्नास प्रयोग ती तशीच उभी राहिली. विंगेत एक दिवा लावायला मला दहा मिनिटं लागली असती.

आमच्या थिएटरमध्ये ओपनिंगनंतर डिझायनर निघून जातो, दिवे असोसिएटकडे राहतात. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच निरोप आला, उजेड वाढवा. सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच गेलो. क्यू ४७ घेतला, समोरचे दिवे ५० वर नेले आणि पियानोपाशी जाऊन स्वतःचा हात त्या कोरलेल्या चेहऱ्यांशेजारी धरला. मग परत येऊन ३० केलं, सेव्ह केलं, आणि अधिकाऱ्यांना लिहिलं: उद्याच्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसा, मी शेजारी असेन.